सुनेच्या नावावर दिलेली बाटली

माय, आज भाचीच्या घरून परत आलो तेव्हा चप्पल काढायचंही त्राण उरलं नव्हतं. तसाच बाजेवर टेकलो आणि पिशवीतलं रक्तदाब मोजायचं यंत्र काढून समोरच्या स्टुलावर ठेवलं. भाची म्हणजे तुझ्या धाकटीची लेक. तुझीच नात, पण तू गेलीस तेव्हा तिची आई फ्रॉक घालून फिरणारी पोर होती, तेव्हा तुला ही कुठून ठाऊक असणार. मागे पावसाळ्यात तिला मुलगा झाला, इथंच अमरावतीला. तो पोटात असताना तिला जे दुखणं झालं ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या मी मूर्तिजापूरच्या आपल्या रेल्वे क्वार्टरात जाऊन पोचलो. अजून तिथून पुरता परतलेलो नाही. घरात बोलायला कोणी नाही. तुझी सून गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा दूर नोकरीच्या गावी. म्हणून तुला लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे विसरलेलो नाही. मी वाचून दाखवतो आहे असं समज, तेव्हा कविता म्हणून दाखवायचो तसं.

ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा तू शेगडीला वापरायचीस, त्याचा वास भाकरीलाही लागायचा. बाबा स्टेशनात सांधेवाले. रूळ बदलायचे, लाल-हिरवं निशाण दाखवायचं, आणि घरी आलं की निशाणं खुंटीला अडकवून गप्प बसायचं. मी नुकताच अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो. लग्न झालेलं, पण अकोल्यात भाड्याची एक खोली, तीही दोघा मास्तरांत मिळून. म्हणून बायको तुझ्याजवळ मूर्तिजापूरला आणि मी शनिवारच्या पॅसेंजरनं येणार. आलो की शेगडीजवळ पाटावर बसून त्या आठवड्यात वर्गात शिकवलेली कविता तुला म्हणून दाखवायची. तुझी भाकर थापायची लय हळूहळू कवितेच्या चालीवर यायची. मग मध्येच थांबून तू विचारायचीस, “मंग? पुढं काय झालं त्या बाईचं?” कवितेत बाई नसायची, नदी असायची. मी चिडायचो. तू म्हणायचीस, “नदी का होईना बाप्पा. कुठी पोचली थे तं सांगशीन का नाई?” इतक्या वर्षांत इतक्या मुलांना शिकवलं, पण कवितेला असा नेमका प्रश्न विचारणारं दुसरं कोणी भेटलं नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा तो शेवट. तुझी सून गरोदर राहिली. पहिलटकरीण म्हणून तू तिला वाटीतली साय काढून द्यायचीस, पाण्याची बादली उचलू द्यायची नाहीस. आणि एका शनिवारी तिनंच मला अंगणात गाठून खाली मान घालून सांगितलं, “आत्याबाईलेही दिवस हायत.” आत्याबाई म्हणजे तू. मी बावीस-तेवीस वर्षांचा मास्तर, तू चाळिशीला टेकलेली, माझ्यानंतरची दोन भावंडं लहानपणीच गेलेली, आणि मधे इतकी वर्षं गेल्यावर आता हे. त्या काळी सासू-सून एकाच वेळी बाळंत होणं काही नवल नव्हतं, घरोघरी व्हायचं; पण तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नऊवारी लुगडं सैल नेसून, पदर पुढं ओढून, तू सहाव्या महिन्यापर्यंत लपवलंस. पुढं लपण्यासारखं राहिलं नाही. नळावर शेजारणी म्हणाल्या, “काय व, सासू-सुनेची शर्यत लागली म्हन्ते.” तू घागर भरता भरता मान वर न करता म्हणालीस, “लागली न. तुमच्या नवऱ्यांच्यानं धावनं होत असन तं त्यायलेही उतरवा.” नळावर हशा पिकला आणि विषय तिथंच संपला. घरी येऊन मात्र तू बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होतीस, हे मला तुझ्या सुनेनं सांगितलं.

दिवाळीला मी तुझ्यासाठी अकोल्याहून चपला आणल्या. लाल पट्ट्यांच्या, कातड्याच्या, माझ्या कमाईच्या पहिल्याच. तू पाय घातलास तर पाऊल अर्ध्यावरच अडलं. जोडवी बोटांत रुतली होती, घोट्याचं हाड दिसत नव्हतं. मी म्हणालो, “माय, तुझ्याच जुन्या चपलेचं माप नेलं होतं.” तू म्हणालीस, “पाय हायत बाबू, कधी सुजते, कधी उतरते. तू आनल्या न, झालं.” आणि त्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्यास. शेजारणी तुझा चेहरा पाहून म्हणत, कसं तेज आलं, कसं बाळसं धरलं या वयात. गाल वर आलेले, डोळ्यांखाली फुगलेलं, सगळं तेज म्हणूनच मोजलं गेलं. आम्ही सगळे एकाच दिशेनं पाहत होतो, सुनेकडे. तू सुद्धा.

अकोल्याच्या जनाना दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याकडच्या. आपली बोली ऐकून पहिल्यांदा त्यांना वाटायचं की आपण भांडायलाच आलो आहोत. सुनेला महिन्याच्या महिन्याला तिथं दाखवायचं असं तूच ठरवलं होतंस, आणि सोबतीला तूच यायचीस. मूर्तिजापूरहून पॅसेंजर, स्टेशनवरून टांगा, टांग्यात मी पुढं टांगेवाल्याजवळ. आत सून जायची, तू बाहेर बाकावर पदर लपेटून. एकदा डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलंही, “सासूबाई, तुम्हालाही तपासायचं का?” त्यांना तुझं पोट दिसलं असावं. तू म्हणालीस, “मले काय झालं बाई? तू तिले पाह्य.” डॉक्टरांना ‘तू’ म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि नंतर त्या हसल्या. सुनेच्या रांगेत सासूनं बसायचं, तिच्याच शेजारी नाव घालायचं, हे तुला मरणाहून वाईट वाटत होतं. पण तुला भीतीही वाटत होती, हे आम्हाला कोणालाच दिसलं नाही. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, बरगडीखाली दुखायचं. हे सगळं तू नंतर सांगितलंस.

लघवी तपासायला घरून बाटलीत भरून न्यावी लागे. निलगिरीच्या तेलाची रिकामी बाटली, कढत पाण्यानं धुतलेली, चिंधीचं बूच. त्या खेपेला ती तुझ्याच पदराखाली होती. सुनेला नववा लागला होता, तुला आठवा. अमरावतीहून तिचे वडील दोनच दिवसांत तिला बाळंतपणाला न्यायला येणार होते, त्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून आपण गेलो. कंपाउंडरनं नळीत थोडी लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि मी दाराच्या फटीतून पाहिलं, दूध नासावं तशी ती वरच्या बाजूनं पांढरी झाली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी सुनेचा रक्तदाब पुन्हा मोजला, पाय दाबून पाहिले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. काही सापडेना. “प्रेशर ठीक आहे, सूज नाही, पण लघवीत इतकं अल्ब्युमिन? मी धोका पत्करणार नाही,” त्या मला म्हणाल्या. “अमरावती रद्द. पूर्ण झोपून राहायचं. मीठ बंद. या गोळ्या. आठ दिवसांनी मला दाखवा.” सून रडकुंडीला आली, माहेर हुकलं म्हणून. तू बाकावर बसून सगळं ऐकत होतीस, अगदी लक्ष देऊन, एकेक शब्द गाठीला बांधावा तसं.

ते आठ दिवस आठवले की मला आजही हसू येतं आणि लगेच छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं होतं. तू सुनेला बाजेवरून पाय खाली टाकू दिला नाहीस. ती म्हणायची, “आत्याबाई, मले काहीच होऊन नाई राहिलं. चांगली हाव मी.” तू म्हणायचीस, “एवढी शिकलेली डॉक्टरीन खोटी हाय काय? पड गुमान.” घरात अळणी वरण, अळणी भाजी, आणि तूही तेच खायचीस. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, “सुनेच्या संगतीनं खाऊन राहिली. एकटीले कसं जाईन तिले?” क्वार्टरांत बोलबाला झाला की सासू असावी तर अशी. गोळ्यांच्या पुडीतल्या गोळ्या लवकर सरत होत्या, ते सुनेच्या लक्षात आलं, पण उंदरानं नेल्या असतील असं तिला वाटलं. अळणी जेवण दोघींना पुरलं, गोळ्या दोघींना पुरल्या. विश्रांती तेवढी वाटून घेता आली नाही. ती सगळी सुनेच्या वाट्याला आली, आणि तिची कामं तुझ्या. धुणं, पाणी, कोळसा, तिला हातात ताट. तिचे वडील अमरावतीहून येऊन रिकाम्या हातानं परत जाताना फुरंगटून म्हणाले, “आमच्या पोरीले लोळवून ठेवलं तुमी.” तू त्यांच्यापुढं गूळ-पाणी ठेवलंस आणि तोल जाऊन उंबऱ्याला धरलंस. त्यांनी पाहिलं नाही.

मी वर्गात होतो. कविता चालू होती, पाऊस नसलेल्या पावसाळ्यावरची, आणि दारात स्टेशनचा पोर्टर उभा. तारेनं निरोप आला होता: मास्तरच्या आईला झटके येत आहेत, मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून अकोल्याला आणत आहेत. मी मुलांना काय सांगितलं आठवत नाही. स्टेशनवर उन्हात उभा राहिलो, गाडी आली, तिच्या शेपटाचा तो डबा माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला. आत घोंगडीवर तू, दातांत चिंधी गुंडाळलेला चमचा, ओठातून रक्त. तुझं डोकं तुझ्या सुनेच्या मांडीवर. ती नवव्या महिन्यातली, आठ दिवस जिला उठू दिलं नव्हतं ती, गार्डाच्या डब्यात अवघडून बसली होती. बाबा दाराशी. त्यांच्या बगलेत अजून दोन्ही निशाणं होती, गुंडाळलेली. दवाखान्यातही ती तशीच होती, आणि कोणी त्यांना ठेवा म्हणालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी खोलीच्या खिडकीवर काळं कांबळं लावलं. उजेडानं, आवाजानं पुन्हा झटका येतो म्हणून दिवा नको, आवाज नको, चपला बाहेर. सुई दिली. मग त्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या बायकोकडे, मग बंद दाराकडे, मग परत बायकोकडे पाहिलं. “मागच्या वेळची बाटली कोणी भरली होती?”

“मीच भरली, सकाळी. पन आत्याबाईनं घेतली हाती. म्हने, तुह्या हातून सांडन.”

“आणि मग?”

बायकोनं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, “मोरीत गेल्त्या निघाच्या आधी. बाटली घेऊन.”

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या. त्या रागावतील असं मला वाटलं. “देवा,” त्या म्हणाल्या, “अहो, मला नुसतं सांगितलं असतं तर!” आणि त्या परत आत गेल्या. बाबा बाहेर कडुनिंबाखाली उकिडवे बसले होते. सुनेच्या बाटलीत तू तुझी लघवी भरून नेली होतीस, हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, “लाजत होती रे थे.”

पोरगी दुसऱ्या दिवशी झाली. मुठीएवढी, रडायचीही ताकद नसलेली. तू शुद्धीत-बेशुद्धीत, अंगावर दूध नाही. कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी किती दिवस पुरणार. आणि तुझ्या सुनेला तिथंच कळा सुरू झाल्या, आम्हाला मुलगा झाला, तुझ्या शेजारच्या खाटेवर. तिनं एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला नणंद घेतली. माझ्या मुलाची आत्या त्याच्या आईच्या दुधावर वाढली. पुढं दोघं भांडली की तुझी सून म्हणायची, “दोघंही माहीच लेकरं, गुमान बसा.” बाबा महिनाभर अळणी जेवले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा त्यांच्यापुढे मिठाची वाटी सरकवली तर त्यांनी ती परत सरकवली.

तू उठून बसायला लागल्यावर मी विचारलं होतं, माय, असं का केलंस? काळं कांबळं काढलं होतं, खिडकीतून ऊन येत होतं आणि तुझा चेहरा उतरून पुन्हा तुझाच झाला होता. “म्हटलं, औषध तं तेच देतीन न,” तू म्हणालीस. “तिच्या नावानं आनू अन् मी खाईन. आता मले काय माईत का थे झोपून राहाचंच औषध देईन म्हून.” आणि थोड्या वेळानं, पोरीकडे पाहत, “पन एक सांगू काय बाबू. थे बाटली नसती नेली तं सून अमरावतीले गेली असती. अन् हे पोट्टी दुधाबिगर गेली असती. बाटलीनं काम केलं.” हे तू अभिमानानं म्हणाली होतीस. पुढंही किती वेळा म्हणालीस.

निघताना डॉक्टरीणबाईंनी तुझा रक्तदाब मोजला आणि म्हणाल्या, “उतरलंय. अधूनमधून दाखवत जा.” तू त्यांच्या पाया पडलीस, त्यांनी पाय मागं घेतले. वर्षभरात त्यांची बदली झाली. आणि दाखवायचं तरी काय, पोर झालं, सूज गेली, लाल पट्ट्यांच्या चपला पायात आल्या. तू त्या घालून क्वार्टराच्या रांगेतून एकदा मुद्दाम फिरून आलीस. सगळे म्हणाले, सुटली बाई. बाळंतपणाचं दुखणं बाळंतपणासोबत गेलं, असंच सगळ्यांना वाटलं, तुलाही. त्या काळी तसंच वाटायचं.

मग ती डोकेदुखी. एकोणीसशे साठचं दशक मला तुझ्या कपाळावरच्या सुंठीच्या लेपानं आठवतं. डोक्याला पांढरा फडका आवळून तू पोळ्या लाटायचीस. “इंजन शंटिंग करून राहिलं डोक्यात,” म्हणायचीस. सगळ्यांनी त्याला तुझं डोकं म्हणून सोडलं होतं, जसा कोणाचा गुडघा असतो, कोणाचा दमा. मी तोपर्यंत अकोल्यात दोन खोल्या घेऊन बायको-मुलाला नेलं होतं. सुट्टीत आलो की तशीच शेगडीशी कविता. एकदा मी चांदण्यावरची काहीतरी म्हणत होतो, डोळे मिटून, हात हलवत, आणि तू एकदम लाटणं आपटलंस. “चांदन्याचं पुरे झालं रे! माह्या डोक्यात ऊन तापून राहिलं अन् हा चांदनं सांगते.” तू पाच मिनिटांनी म्हणालीस, “म्हन आता. हळू म्हन.” त्या दिवशीची ती कविता मला संपूर्ण पाठ आहे, पण पुढं वर्गात शिकवताना मी ती नेहमी हळू आवाजात म्हणायचो. मुलांना वाटायचं, सरांना ती फार आवडते.

तू गेलीस ती दुपारची. धाकटीची एक वेणी घालून झाली होती, दुसरीचे तीन पेड हातात होते. तिनं मला नंतर सांगितलं, मायनं ओढणं थांबवलं म्हणून मी मागं पाहिलं तर माय भिंतीकडे कलली होती, तोंड एका बाजूला. अर्ध्या अंगावरून वारं गेलं म्हणाले. मी पोचलो तोवर संपलं होतं. आणि गर्दीत, एक वेणी घातलेली आणि एक बाजू मोकळी, अशी ती आठ-नऊ वर्षांची पोरगी माझ्या बायकोच्या पदराला धरून उभी होती. ती मोकळी बाजू कोणी घालायला आलं की ती किंचाळायची. पन्नाशीही गाठली नव्हतीस तू.

आता भाचीचं. तिलाही सातव्या-आठव्यात सूज, प्रेशर, लघवीत प्रथिनं. पण ती वेळेत दवाखान्यात होती, वेळेत सोडवली. मूल काचेच्या पेटीत राहिलं आणि घरी आलं. तिच्या डॉक्टरांनी विचारलं, आई, आजी, घरात कोणाला असं झालं होतं का? धाकटी म्हणाली, नाही, माझी आई लकव्यानं गेली. मी म्हणालो, थांबा. आणि तुझी सूज, काजवे, झटके, जे आठवलं ते सांगितलं; बाटली तेवढी वगळली. ते तरुण डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी मला समजावलं. वार नीट रुजली नाही की ती रक्तात काही द्रव्यं सोडते, त्यानं साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं पातळ अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, म्हणून प्रेशर. झिरपतात, म्हणून सूज. मूत्रपिंडात झिरपतात, म्हणून लघवी नासते. डोक्यात बिघडल्या की काजवे, झटके. “बाळ आणि वार बाहेर आली की हे थांबतं, काका. पण अस्तर पूर्वीसारखं होईलच असं नाही. काही बायकांना पुढं दहा-पंधरा वर्षांनी प्रेशर, हृदय, लकवा. म्हणून मोजत राहायचं, आयुष्यभर.” माय, मी त्या खुर्चीत बसून तुझ्या चपला, तुझा लेप, इंजिनाचं शंटिंग आणि ती अर्धी वेणी एका दोऱ्यात ओवली जाताना पाहिली. इतकी वर्षं मी त्यांना वेगवेगळ्या आठवणी समजत होतो.

बाहेर आल्यावर धाकटी जिन्यात थांबली. आता तिचेही केस पांढरे आहेत. “म्हंजे दादा,” ती म्हणाली, “मी झाली म्हून माय गेली.” मी तिला बाटलीची गोष्ट सांगितली, तिला ती पुरती कोणी सांगितलीच नव्हती. तू खिडकीतल्या उन्हात जे म्हणालीस तेही तुझ्याच शब्दांत सांगितलं, बाटलीनं काम केलं. ती जिन्याच्या कठड्याला धरून रडली, आणि मध्येच तिला हसूही आलं. “मोरीत?” ती म्हणाली. “मोरीत जाऊन बदलली बाटली?”

भाची मात्र तुझ्यावर गेली आहे. घरी आल्यावर महिन्याभरात तिनं गोळ्या सोडल्या, दाखवायला जायची ती तारीख टाळली. मी फोन केला की म्हणायची, “मामा, झालं न आता बाळ. गोळीची सवय लागते.” धाकटी तिच्यापुढं बोलली की तणतण. म्हणून आज मीच यंत्र घेऊन गेलो. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, कपाळाला ओढणी आवळलेली. ती ओढणी पाहिली आणि माझे पाय दारातच थबकले. मी म्हणालो, मोजू. ती म्हणाली, “तुम्ही म्हातारे लोक लय भेता. काही होत नाही मले.” मी अस्तराचं समजावलं, डॉक्टरांचे शब्द सांगितले, धाकटीनं डोळ्यांत पाणी आणलं. ती बाळाचं टोपडं नीट करत राहिली. तेव्हा मी म्हणालो, “तुह्या आजीनं मले सांगून ठेवलं होतं.”

तिनं मान वर केली. आजीबद्दल ती लहानपणापासून कुतूहलानं विचारायची.

“काय सांगून ठेवलं होतं?”

“म्हने, माह्या पोट्टीले पोट्टी झाली, अन् तिलेही माह्यासारखं झालं, तं तिले सांगजो. लेकरू झालं म्हून दुखनं गेलं असं समजू नोको म्हना. मोजून घेत जाय म्हना. माही चूक तू करू नोको.”

तिनं बाळ आईच्या हातात दिलं, बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला. पट्टा फुगला, उतरला. आकडा चांगला नव्हता. धाकटीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, उद्या सकाळी जायचं ठरलं, गोळी तिनं माझ्या देखत घेतली. निघताना ती दाराशी आली आणि म्हणाली, “आजीला एवढं सगळं कळत होतं, मामा?” मी म्हणालो, हो.

तुला काहीच कळत नव्हतं, माय. तू असं काही सांगून ठेवलं नव्हतंस. तू मला शेवटचं जे म्हणालीस ते स्टेशनवर, पॅसेंजर सुटताना, खिडकीशी डबा देत, की झाकण घट्ट हाय, जपून उघडजो. आयुष्यभर मी वर्गात मुलांना बजावलं की कवितेत एक शब्द आठवला नाही तर थांबा, पण आपला शब्द तिथं घालू नका. घातलेला दिसला की तांबड्या शाईनं खोडायचो. आज मी तुझ्या तोंडी चार ओळी घातल्या, चाल तुझी, शब्द माझे. हा कागद पाठवायला पत्ता नाही, तो यंत्राच्या पेटीतच ठेवतो आहे. भाचीचा आत्ता फोन आला होता. म्हणाली, उद्या दवाखान्यात परत मोजून घेते, आजीनं सांगितलंय ना. मी खोडलं नाही.